आमच्या बायबलबाई आणि नऊ रूथ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी ते आडवळणानंच बोललो. पंधरा वर्षांपूर्वी अकोल्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायकांच्या चिठ्ठ्यांचा जो घोळ झाला, तो बायबलबाईंच्या विस्मरणामुळे झाला नव्हता. तो मी केला होता. समजून-उमजून, टेबलाशी बसून, चांगल्या शाईच्या पेनानं. त्या घोळापायी बाईंचं काम गेलं आणि मी गप्प राहिलो. आता बाईच गेल्या. मी मराठीचा मास्तर, म्हणून मंडळीच्या अंकासाठी त्यांच्यावर चार ओळी लिहा, असं मला सांगितलं आहे. चार ओळींत बाई मावायच्या नाहीत, आणि ही एक ओळ लपवून बाकीच्या लिहिल्या तर त्या खऱ्या व्हायच्या नाहीत.

बायबलबाई म्हणजे मंडळीची कामकरीण. घरोघर जाऊन बायकांना शास्त्राचे पाठ द्यायचे, बाळंतिणीला भेटायचं, आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करायची. पूर्वी अशी एक बाई प्रत्येक मंडळीत असे. आमच्याकडच्या या शेवटच्या. त्यांची एक खोड सगळ्या अकोल्याला माहीत होती. मोकळ्या हातांना त्या कधी शिकवायच्या नाहीत. घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "निवडाले काय हाय व?" मग कोणी मेथी आणायची, कोणी तुरीची डाळ, कोणी शेंगा. सुपाभोवती सगळ्या बसल्या की बाई पिशवीतून शास्त्र काढायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मोकळ्या हाताची बाई दुसरीच्या लुगड्याकडे पायते. हात कामात असले का नजर खाली रायते, अन् नजर खाली असली का माणूस खरं बोलते."

वाचायच्या त्या पुस्तकी मराठीत, एकेक अक्षर सुटं करून, आणि समजवायच्या वऱ्हाडीत. पुरुषांच्या गोष्टी त्या सहसा घ्यायच्याच नाहीत. "मोशे-दावीद तुमाले रविवारी पाळकसाहेब सांगतेत. त्यायले सांगनारे लय हायेत. मी आपल्या बायाचं सांगतो." मग हागार यायची, हन्ना यायची, मुठीभर पिठाची ती सारफथची विधवा यायची, आणि अशा यायच्या की जणू परवाच मूर्तिजापूरच्या गाडीतून उतरल्या.

हागारेच्या गोष्टीवरून त्यांनी एक नियम केला होता. आमच्या गल्लीत कोणतीच बाई नावानं ओळखली जात नसे. अमक्याची आई, तमक्याची बायको, मधल्या घरातली. बाई मात्र हजेरी घ्यायच्या ती प्रत्येकीच्या स्वतःच्या नावानं. "अब्राहामाच्या घरात हागारेले सारे दासीच म्हनत. नाव घेऊन पयल्यांदा हाक कोनी मारली? देवाच्या दूतानं, अन् ते बी रानात. तुमाले काय रानात जा लागते काय नाव ऐकाले?" माझ्या आईचं नाव यमुना आहे हे मला शाळेच्या दाखल्यावरून माहीत होतं, पण कोणी तिला "यमुना" म्हणून हाक मारलेली मी प्रथम ऐकली ती बाईंच्या तोंडून. आई अशी लाजली, की तिच्या हातातल्या शेंगाच खाली पडल्या.

त्यांचा धडा सुपापाशी संपत नसे, हा त्यांचा खरा मोठेपणा. मूर्तिजापूरला आमच्याच मंडळीतल्या एका बाईकडून तिचे भाऊ शेतीचं हक्कसोडपत्र लिहून घ्यायला निघाले होते. बाईंनी तिला सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट सांगितली. बाप मेला, भाऊ नाही, म्हणून त्या पाचही जणी सगळ्या मंडळीदेखत मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमचा वाटा आम्हाला द्या. देवानं सांगितलं, पोरी बरोबर बोलतात. "सही कराच्या आंधी त्या पाचीचं नाव घेजो," बाईंनी बजावलं, "मंग हात उठला तं कर सही." ती बिचारी कचेरीत कागदापुढे उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणू लागली, "महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा." कारकुनानं मान वर केली. "या पाच जणी बी वारस आहेत का? मग आधार कार्ड कुठं आहेत त्यांचे?" सगळी कचेरी हसली, भाऊ चिडले, आणि त्या गडबडीत सही राहून गेली ती राहूनच गेली. बाई हा किस्सा सांगायच्या तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. "देवाले बी कारकून लागतेत बापा," म्हणायच्या.

आता चिठ्ठ्यांचं सांगतो. जानेवारीच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की मागच्या दालनात बायका जमत. बाईंनी शास्त्रातल्या बायकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिलेली असत. प्रत्येक गल्लीचं वेगळं पाकीट आणि एका पाकिटात एक नाव एकदाच. जिला जी येईल ती तिची वर्षाची सोबतीण. वर्षभर त्या बाईची गोष्ट वाचायची, तिच्याशी आपलं ताडून पाहायचं, आणि डिसेंबरात काय मिळालं ते सांगायचं. चिठ्ठी बाई घरी येईपर्यंत कोणाला दाखवायची नाही, असा नियम. आमच्या बायका या चिठ्ठीला फार मानत. ती देवाच्या हातून आली असं त्या समजत, आणि मी त्यांना हसत नसे, कारण माझ्या आईचं एक अख्खं कठीण वर्ष हन्नाच्या आधारानं निभावलेलं मी पाहिलं होतं.

त्या वर्षी बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चिठ्ठ्या लिहायला त्यांनी मला बोलावलं. माझं अक्षर वळणदार, शिवाय मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचा मी सेक्रेटरी. त्या एकेक नाव सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. आमच्या गल्लीच्या पाकिटाशी आलो तेव्हा माझ्या मनात सुलभावहिनी होती.

सुलभा माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ अपघातात गेला तेव्हा ती तिशीत होती, मूलबाळ नव्हतं. वयानं माझ्याहून लहान, तरी मी तिला वहिनीच म्हणायचो. आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून आईचं सगळं तीच करायची. मी आणि माझी बायको, दोघंही शाळेत. वहिनीनं नर्सिंग केलेलं होतं आणि त्या डिसेंबरात तिला अमरावतीच्या एका दवाखान्यातून नोकरीचं पत्र आलं. ती गेली तर आईचं कोण करणार, हा विचार मला झोपू देईना. माझ्या मनात दुसरा कोणी येतच नव्हता. मी स्वतः तर नाहीच.

नवरा मेल्यावरही सासूला सोडून न गेलेली सून म्हणजे रूथ, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. आमच्या गल्लीच्या बायका नऊ. बाईंनी नऊ नावं सांगितली. मी नऊही चिठ्ठ्यांवर रूथ लिहिलं.

रविवारी वहिनीनं चिठ्ठी काढली. संध्याकाळी तिनं अमरावतीचं पत्र पेटीत तळाशी ठेवलं आणि आईजवळ बसून म्हणाली, "नाही जात मी, आई. मले रूथ आली." मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतो. मला हायसं वाटलं, हेही लिहितो.

माझी चूक अशी, की चिठ्ठी दाखवायची नाही हा नियम बायका पाळतात असं मी खरंच समजत होतो. तो नियम फक्त पुरुषांनाच खरा वाटायचा. सोमवारी सकाळी भाजीच्या गाडीवर कमलमावशी पुटपुटली, "माही सासू मरून वीस वर्सं झाली. आता मी कोनाच्या मांगं जाऊ? कबरस्तानात?" दुसरी म्हणाली, "म्हंजे तुले बी रूथच आली का व?" वांग्यांचा भाव राहिला बाजूला. दुपारपर्यंत नऊच्या नऊ रूथ गल्लीभर झाल्या.

बायका रागावून बाईंकडे गेल्या. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नऊ आल्या ना? मंग नऊ जनी मिळून वाचू. यमुनाबाईच्या अंगनात. तिले उठता येत नाही."

मंगळवारपासून चार दुपारी आमच्या अंगणात बाईंनी रूथ शिकवली. आईची खाट ओट्यावर आणली. सुपात तूर. माझी सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी मी खिडकीच्या आत. पहिल्या दिवशी बाईंनी अर्पेची बाजू घेतली. अर्पा म्हणजे दुसरी सून, जी माहेरी परत गेली. "तिले कोनी नावं ठेवू नका. रडली, सासूचा मुका घेतला अन् गेली. शास्त्रानं तिले एक वाकडा शब्द नाही म्हटला. तुमी कोन म्हननारे?" दुसऱ्या दिवशी शेतातली रूथ. "लोक म्हनतेत रूथ घरी रायली. कुठी रायली? गाव सोडलं, देश सोडला, परक्याच्या शेतात कामाले गेली. घरात बसली ते रूथ तुमी कुठी वाचली?"

तिसऱ्या दिवशी वहिनीनंच विचारलं. मान खाली, बोटं तुरीत. "पण बाई, ती सासूसाठीच ना गेली? तिनं सासूला सोडलं नाही."

"नाही सोडलं. मंग सासूनं काय केलं ते वाच. तिसरा अध्याय."

वहिनीनं वाचलं. सासूनं सुनेला सांगितलं, की तुझं बरं व्हावं म्हणून मी तुझ्यासाठी ठिकाण पाहू नये काय. न्हाऊन घे, तेल लाव, चांगली वस्त्रं घाल आणि जा.

"कोन म्हनून रायलं जा?" बाईंनी विचारलं.

"सासू."

"हां. सारे लोक पयल्याच अध्यायावर पुस्तक मिटतेत. सुनेनं काय करावं ते त्यायले पाठ हाय. रूथेचे अध्याय चार हायेत. बाकीच्या तीनमंदी सासू काय करते ते हाय."

मग कमलमावशीच म्हणाली, "ते खरं बाई, पन मंग बुढीचं कोनी कराव? खाटेवरच्या मानसाचं?" हा प्रश्न माझा होता, मी खिडकीजवळ सरकलो.

बाईंनी सूप पाखडलं, कोंडा उडवला. "रूथेच्या सासूचे, त्या नामीचे, दोनी पोरं मेले होते, म्हनून भार सुनेवर आला. यमुनाबाईचा एक पोरगा तं जिता हाय ना?"

कोणी खिडकीकडे पाहिलं नाही. सगळ्यांचे हात कामात होते.

चौथ्या दिवशी, पाठ संपल्यावर, आईनं वहिनीला खाटेजवळ बोलावलं. झटक्यानंतर तिचं बोलणं ओढून यायचं. "पेटीतलं पत्र काढ," ती म्हणाली. "न्हाऊन घे अन् जाय."

आमच्या बाईंनी माझ्या लबाडीला हात न लावता तिच्यातूनच वहिनीची वाट काढली. मोठमोठ्या वक्त्यांची प्रवचनं मी ऐकली आहेत, अमरावतीच्या अधिवेशनांना गेलो आहे. पण अंगणात तूर निवडत एक आयुष्य सोडवलेलं मी एकदाच पाहिलं, आणि ते आमच्या बाईंनी केलेलं होतं.

शनिवारी बाईंनी मला घरी बोलावलं. ताटात डाळ ओतली, ताट माझ्यापुढे सरकवलं. "निवड." मी निवडू लागलो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "बाबू, मी तुले नऊ नावं सांगतली होती. हन्ना, हागार, लुदिया, दबोरा, टबीथा, मार्था, रिस्पा, फीबी अन् रूथ. याच क्रमानं. मले दिसत नाही, पन याद हाय."

मी खडा शोधत राहिलो. हात कामात होते, नजर खाली होती, आणि तरीही मी खरं बोललो नाही. बाईंचा तो नियम खोटा पडला असेल तर तो माझ्याच बाबतीत.

"बोलशीन तवा बोल," त्या म्हणाल्या. "पन आंधी सुलभाले, मंग मंडळीले. मले सांगाची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी पंचकमिटी बसली. तोवर बोभाटा झाला होता. देवाच्या वचनाशी खेळ झाला असं काही जण म्हणत होते. पाळकसाहेब नवीन होते, भले होते. त्यांनी विचारलं, "चिठ्ठ्या लिहिल्या कोणी?" माझं तोंड उघडण्याआधी बाई उभ्या राहिल्या. "लिवल्या यानं, पन सांगतल्या मी. म्या जे म्हटलं ते यानं लिवलं. रूथ रूथच म्हनत गेली असन मी. वय झालं."

कमिटीनं बाईंना सन्मानानं निवृत्त करायचं ठरवलं. शाल, नारळाऐवजी संत्र्यांची टोपली आणि आभाराचा ठराव. ठराव लिहायचं काम सेक्रेटरीचं. "वयोमानानुसार आलेल्या विस्मरणामुळे" हे शब्द माझे आहेत. मंडळीच्या वहीत माझ्याच अक्षरात आहेत. ज्या बाईला शास्त्रातली एकूण एक बाई तिच्या गावासकट पाठ होती, तिच्याबद्दल मी ते लिहिलं आणि खाली सही केली.

चिठ्ठ्या बंद झाल्या. मूर्तिजापूर, बडनेऱ्याच्या घरसभा बंद झाल्या. पोरं मागून "रूथबाई" म्हणून ओरडायची. बाई थांबून म्हणायच्या, "काय बापा? रूथेले बवाज नवरा भेटला, माह्यासाठी सापडला का कोनी?" पण शिकवणं काही बंद झालं नाही. ते बंद करायला कमिटीकडे काही साधनच नव्हतं. बायका मेथीची जुडी घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसू लागल्या. ठरावात तसं करू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

वहिनी फेब्रुवारीत अमरावतीला गेली. आईचं मी केलं. पहिल्या आठवड्यात मला तिची कूस बदलता येत नव्हती; बाई येऊन शिकवून गेल्या. पाण्याची उष्णता कोपरानं कशी पाहायची, घास कोणत्या गालात द्यायचा. पुढे तीन वर्षांनी आई गेली. ती जाताना तिचा हात माझ्या हातात होता, ही माझ्या आयुष्यातली एक बरी गोष्ट, आणि तीही मला बाईंनी दिलेली. माझी लबाडी जमली असती तर ती मला मिळाली नसती.

वहिनीनं पुढे तिथंच लग्न केलं. तिला एक मुलगी आहे. मुलीचं नाव तिनं रूथ ठेवलं आहे.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शेवटपर्यंत लख्ख होत्या. दवाखान्यात त्यांच्याजवळ शेजारच्या खाटेवरची एक मुसलमान म्हातारी बसायची. बाईंनी तिला हागारेची गोष्ट सांगितली, तिनं बाईंना हागारेचीच तिच्या धर्मातली सांगितली, आणि दोघी मिळून लसूण सोलायच्या, असं तिथली नर्स सांगत होती. दफनाला मूर्तिजापुराहून, बडनेऱ्याहून बायका आल्या. एवढ्या बायका आमच्या कबरस्तानात मी कधी पाहिल्या नव्हत्या. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का.

सुलभावहिनी पुढे आली. म्हणाली, "बाईंना त्या वर्षी विसर पडला, तो देवानं पाडला होता. एकच रूथ असती तर ती दुसऱ्या कोणाला गेली असती. नऊ केल्या, म्हणून माझ्यापर्यंत आली. बाईंचं विसरणं हे माझ्यावरचं देवाचं देणं आहे." बायका "आमेन" म्हणाल्या. मी पहिल्या रांगेत उभा होतो. मीही म्हणालो.

तेव्हापासून मी स्वतःला सांगत आलो, की आता कसं बोलायचं? तिची साक्ष मोडेल. तिच्या मुलीच्या नावामागची गोष्ट मोडेल. हे कारण चांगलं आहे, आणि चांगलं आहे म्हणूनच मला त्याचा संशय येतो. पंधरा वर्षांत माझी सगळी कारणं चांगलीच होती. वहिनीचा विश्वास एका चिठ्ठीवर उभा आहे असं मी धरून चाललो आहे. म्हणजे मी तिला आजही तितकीच कमी समजतो, जितकी तेव्हा समजलो. बाईंनी तिला चार अध्याय शिकवले आहेत. देवानं काय केलं आणि मी काय केलं, हे ती माझ्यापेक्षा नीट वेगळं करू शकेल.

हा लेख मी संपादकांना येत्या आठवड्यात देईन. त्याआधी मला अमरावतीला जायचं आहे. वहिनीसमोर बसून सांगायचं आहे, की बाई काही विसरल्या नव्हत्या, नऊही रूथ मी लिहिल्या, आणि तू आईजवळ अडकून राहावीस म्हणून लिहिल्या. नंतर कमिटीपुढे उभं राहून वहीतले ते तीन शब्द माझ्या हातानं खोडायचे आहेत आणि शेजारी खरं लिहायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही. एवढं माझ्याकडे बाकी आहे.